सातव्या व्हिडिओला धाप लागते

फोन तापलाय का, हे तो गालाला लावून बघायचा. मग फोनचा वरचा, कॅमेऱ्याजवळचा कोपरा दोन बोटांत धरून डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "कान गरम झालाय. ह्याला जरा बसू द्या." मेंढराला ताप आहे का हे त्याचा कान धरून बघतात, ही गोष्ट मला पुष्कळ नंतर कळली. तेव्हा ऑफिसात सगळे हसायचे. मीही हसायचो. त्याचा वरिष्ठ होतो म्हणून जरा बेतानं, इतकंच.

आमची कंपनी लहान होती. जालना रोडवर एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौदा-पंधरा जण मोबाइलची ॲप बनवायचो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मी नोकरीला लागलो तेव्हा मागच्या खिडकीतून ज्वारीची रानं दिसायची. दोन-तीन वर्षांत तिथं प्लॉटिंगचे दगड रोवले गेले आणि रस्त्याच्या कडेला मोठा फलक लागला, 'चोवीस तास पाणी'. फलकाखालून दिवसभर टँकर जायचे.

तो आमच्याकडे टेस्टिंगला होता. म्हणजे आम्ही लिहिलेलं ॲप वापरून वापरून कुठं मोडतं ते शोधायचं, हे त्याचं काम. वैजापूर तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातला. त्या घरात पुस्तक हातात धरलेला तो पहिला. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आला होता. फिरत्या खुर्चीवर तो चपला खाली काढून उकिडवा बसायचा. मालकांनी एक-दोनदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, "पाय लोंबकळले की डोकं चालत नाय, साहेब." मालकांनी नाद सोडला, कारण त्याच्याइतके दोष शोधणारं आमच्याकडे दुसरं कुणी नव्हतं.

त्याच्या खणात अकरा फोन असत. एकही नवा नाही. कुणाची काच तडकलेली, कुणाच्या पाठीला चिकटपट्टी, एकाची फुगलेली बॅटरी रबरानं बांधलेली. ते त्यानं गावाकडच्या माणसांकडून मागून आणले होते आणि बदल्यात ऑफिसातले वापरून टाकलेले फोन त्यांना नेऊन दिले होते, कुणालाही न विचारता. प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी होती. 'आत्याचा', 'थोरल्या चुलत्याचा', 'मामाचा'. कंपनीनं टेस्टिंगसाठी घेतलेल्या दोन महागड्या फोनांना तो हातही लावत नसे. "ते पैलवान हायेत," म्हणायचा. "चढ कसा हाय हे पैलवानाला विचारून काय कळणार?"

उन्हाळ्यात ते अकरा फोन टोपलीत घालून तो भर दुपारी गच्चीवर जायचा आणि उन्हात बसून व्हिडिओ चालवायचा. मी एकदा म्हणालो, "अरे, खाली एसी आहे." तो म्हणाला, "आमची माणसं काय एसीत बसून बघणार हायेत का सर?"

दोष नोंदवायची आमची एक यादी होती, कॉम्प्युटरवरच. इतर जण तिथं इंग्रजीत ठरावीक वाक्यं टाकायचे. त्याची नोंद मराठीत असायची. एक मला पाठ आहे. 'सातव्या व्हिडिओला धाप लागते. आठव्याला गुडघे टेकतो. नवव्याला उठत नाही. चुलत्याचा फोन, दुपारचे दोन, ऊन कडक.' ही नोंद माझ्या कामाबद्दल होती.

दुष्काळाचं ते लागोपाठ तिसरं वर्ष. ऑफिसात पिण्यासाठी विकतचे जार यायचे आणि जारपाशी त्याची एक सवय सगळ्यांना खुपायची. पाणी पिऊन कुणी तिथंच गप्पा मारत उभं राहिलं की तो म्हणायचा, "प्यालात ना? मग सरका." रिसेप्शनवरच्या मॅडमना म्हणाला, तेव्हा त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. "ह्या माणसाला बोलायची रीतच नाही," असं मला येऊन सांगितलं. मालकांनाही एकदा म्हणाला. मालक सरकले, मग त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

त्याचा अर्थ त्यानं मला गच्चीवर सांगितला. "सर, हौदावर मेंढरं पाजायची म्हंजी पाणी देणं हे काम नसतंय. पाणी तर हौदात असतंयच. प्यालेल्याला हटवणं, हे खरं काम. प्यालेलं मेंढरू जाग्यावरनं हलत नाय. त्याला वाटतं, राहू इथंच, परत तहान लागंल. मागची तहानलेली रेटत येतात, मग चेंगरतात. पाणी असून मरतात."

तो मला माझीच चूक समजावत होता, हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

आम्ही एका संस्थेसाठी ॲप करत होतो. मेंढ्या-शेळ्यांचे रोग, त्यांची लक्षणं, औषध कसं पाजायचं, असे चाळीस छोटे व्हिडिओ. एकाखाली एक. बोट वर सरकवलं की पुढचा सुरू. व्हिडिओ दाखवणारा भाग मी लिहिला होता. चालणारा प्रत्येक व्हिडिओ फोनच्या मेमरीत जागा अडवतो. पुढच्यावर गेलं की आधीच्यानं ती सोडायला हवी. माझ्या कोडमध्ये ती सुटत नव्हती. एक तर मीच मुद्दाम मागचे व्हिडिओ तयार ठेवत होतो, म्हणजे कुणी उलटं सरकवलं तर क्षणात दिसावेत. शिवाय प्रत्येक व्हिडिओखाली किती सेकंद झाले हे दाखवणारं एक घड्याळ मी बसवलं होतं आणि ते थांबवायला विसरलो होतो. घड्याळ चालू आहे म्हणजे व्हिडिओ अजून हवा आहे, असं समजून फोन तो धरून ठेवायचा. महागड्या फोनात जागा भरपूर, तिथं काही कळायचं नाही. चुलत्याच्या फोनात सहा व्हिडिओंपुरतीच जागा होती.

ते त्यानं शोधलं. पहिला व्हिडिओ सोडून तो सातव्यावर आला होता आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर अजून पहिल्याचे सेकंद मोजले जात होते. पहिल्या व्हिडिओत जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. तो म्हणाला, "सर, ही बाई तर कवाच गेली. मग तिचं घड्याळ कोण चालवतंय?"

माझ्या हाताखालच्या, माझ्या निम्मी वर्षं काम केलेल्या माणसानं सगळ्यांदेखत ते दाखवलं, याचा मला राग आला. "बघतो," एवढंच म्हणालो.

पण केलं मी ते. घड्याळ थांबवलं, मागचे व्हिडिओ सोडून दिले. त्यानंतर उलटं सरकवलं की मागचा व्हिडिओ पुन्हा सुरू व्हायला दोन सेकंद लागायचे आणि तेवढा वेळ पडदा काळा दिसायचा. तो टोपली घेऊन गच्चीवर गेला. अकराच्या अकरा फोनांवर चाळीसही व्हिडिओ त्यानं दोनदा चालवले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्यानं यादीतली ती नोंद आपल्या नावानं बंद केली. खाली लिहिलं, 'धाप लागत नाही.' आणि तिथूनच वडिलांना फोन लावला. "आबा, झालं. उद्यासाठी थांबवा सगळ्यांना."

हे 'थांबवा' म्हणजे काय होतं, ते सांगितलं पाहिजे.

जेवणाच्या सुट्टीत त्याला कधी धड जेवता यायचं नाही. उभ्यानं भाकरी खायचा आणि फोन वाजत राहायचा. त्याची माणसं कळप घेऊन रानोमाळ फिरत असत आणि कुठल्या अंगाला वळायचं हे त्याला विचारत. तो चार गावांना फोन लावून कुठं पाणी आहे, कुठल्या गावानं मेंढरं उतरू दिली नाहीत, हे काढायचा आणि सांगायचा, "कन्नडकडं नका जाऊ काका, ते तळं आटलंय. गोदावरीचा काठ धरा." आणि पाच-सहाशे मेंढरं काठ धरायची. त्याच्या वयाच्या पोराला त्या माणसांत कुणी विचारत नसे. त्याला विचारत. पगाराचं त्यानं कधी काही बोलून दाखवलं नाही, पण हे सांगताना त्याचा चेहरा वेगळा व्हायचा. "माझ्या शब्दावर चालतात सर ती."

आता त्याच शब्दावर त्यानं त्यांना एक दिवस थांबायला सांगितलं होतं. ॲप त्यांच्या हातात, त्यांच्याच फोनवर दाखवायचं होतं. अशा सालात एक दिवस एका जागी थांबणं म्हणजे मेंढरांचा एक दिवसाचा उपास. तरी माणसं थांबली.

त्याच दुपारी मालकांनी ॲप आपल्या फोनवर घेतलं. खालून वर, वरून खाली बोट फिरवलं. "हे काय? बंद पडलं का?"

"दोन सेकंदच लागतात, सर. मेमरी मोकळी करतोय, म्हणून."

"उद्या संस्थेच्या मॅडम येणार आहेत. त्यांच्यासमोर हा काळा पडदा? यार, आधी काय मख्खन चालत होतं. ते आधीचंच घाल."

मी सांगू शकलो असतो. सगळं मला माहीत होतं, समोरच्या माणसाला समजेल असं सांगताही आलं असतं. मी "बरं" म्हणालो. दहा मिनिटांत आधीचं परत घातलं. तो तोवर वैजापूरच्या बसनं पुढे गेला होता. यादीतली नोंद त्याच्या नावानं बंदच राहिली. मी स्वतःला सांगितलं, सहाच्या पुढे कोण बघतंय, कार्यक्रमात दोन-चार व्हिडिओच तर दाखवायचे आहेत. त्याला फोन करायला हवा होता. नंबर माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गावात भेट झाली, तेव्हा तो चहा घेऊन समोर आला. तेव्हाही सांगता आलं असतं. मी चहा घेतला.

गावाबाहेर लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. तीस-चाळीस माणसं आली होती. मालक आणि संस्थेच्या मॅडमही होत्या. मी स्वतः एकेकाच्या फोनवर ॲप चढवलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "हे तुमच्याच फोनवर तपासून आणलंय. रेंज नसली तरी चालतंय. एकामागून एक बघत जावा."

माणसं बघू लागली. तात्या नावाचे एक म्हातारे पहिल्या व्हिडिओतून पुढे सरकेनात.

"डाक्टरीण लई झकास सांगती रं," ते म्हणाले. "हिला म्हणावं आमच्या मेंढरांच्या वाड्यावर ये एक डाव."

"आधी मेंढरू बघा तात्या, बाई मागनं," तो म्हणाला.

"मेंढरं काय रोजचीच हायेत."

माणसं हसली, तात्यांनीही हसत बोट वर सरकवलं. संस्थेच्या मॅडमही हसल्या. मी सतरंजीच्या कडेला उभा राहून मनात मोजत होतो. चार. पाच. सहा.

"आरं, ह्यो अडाकला."

"माझा तर काळाच पडला."

"पोरा, हे काय झालं बघ बरं."

एकेक करत सगळे थांबले. तात्यांचा फोन बंद झाला तो परत चालूच होईना. त्यानं तात्यांच्या हातातून फोन घेतला आणि गालाला लावला. मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. आपल्याला जे वाटतंय ते खरं आहे का, एवढंच तो विचारत होता. मी चार्जरची वायर गुंडाळत होतो. ती नीट गुंडाळलेली होती, मी सोडून पुन्हा गुंडाळली.

मॅडमनी विचारलं, "हे तपासलं नव्हतं का?"

मालकांनी लॅपटॉप उघडला. "तपासलंय मॅडम. हे बघा ना. काल सकाळी अकरा वाजता. ह्यांचं नाव आहे."

दुपारचा बदल आणि हे बंद पडणं, यांचा संबंध मालकांना कळला होता की नव्हता, मला आजही सांगता येत नाही. मला कळला होता.

त्याचे वडील समोरच बसले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "पोरा, न बघताच आणलंस का रं?"

त्यानं तात्यांचा फोन त्यांच्या हातात परत दिला. मग म्हणाला, "व्हय आबा. बघायचं राहिलं. चूक माझी."

कुणी शिवी दिली नाही. कुणी आवाज चढवला नाही. तात्या उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "दीस गेला." बाकीचेही उठले.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला ऑफिसात आला. चपला काढून उकिडवा बसला, यादीतली ती नोंद पुन्हा उघडली आणि खाली लिहिलं, 'सातव्याला धाप.' मला एक शब्द बोलला नाही. मी त्याच दिवशी दुरुस्ती परत घातली आणि मालकांना सांगितलं की हे आता असंच राहील. ते "ठीक आहे" म्हणाले. ॲप पुढे दोनेक वर्षं चाललं. काळ्या पडद्याची तक्रार कुणीच केली नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन वाजायचा बंद झाला. पहिले दोन दिवस तो मधेच फोन उचलून रेंज आहे का बघायचा. नंतर सुट्टीत फोन खणातच ठेवू लागला आणि बसून जेवू लागला. त्या वर्षी त्याची माणसं कन्नडच्या अंगाला गेली. कुणी विचारलं नव्हतं. तळं आटलेलंच होतं. "चुलत्याची बारा-पंधरा मेंढरं वाटंतच बसली, ती उठलीच नाय," त्यानं मला एकदा सांगितलं आणि लगेच दुसऱ्या कामाचं विचारलं.

चार-पाच महिन्यांनी त्यानं नोकरी सोडली. करमाडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मला कामासाठी शेंद्र्याच्या बाजूला नेहमी जावं लागायचं. तोवर सगळा रस्ता बदलला होता, रानांच्या जागी गोदामं, शोरूम, कंपन्यांच्या भिंती. त्यात त्याच्या दुकानाची पाटी मला लांबून ओळखू यायची. एकदा समोरच्या टपरीवर थांबलो. तो स्टुलावर उकिडवा बसून कुणाचा तरी फोन उघडत होता आणि फोनवाल्या बाईला रागावत होता, "एवढं भरून ठेवलं तर तो श्वास कुठनं घेणार मावशी?" मी चहा संपवला आणि गाडी चालू केली. असं तीन वेळा झालं.

तो वारल्याचं मला रिसेप्शनवरच्या त्याच मॅडमनी सांगितलं. कावीळ झाली होती, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. तो जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. "बोलायला तुसडा होता, पण खोटं नाही बोलला कधी," त्या म्हणाल्या.

मी त्याच्या गावाला गेलो. वडील अंगणात बसलेले होते, फार थकले होते. मी कोण हे सांगावं लागलं. मग मी सगळं सांगितलं. सकाळी अकरा, दुपार, काळा पडदा, मी म्हणालेलं "बरं". ते मान खाली घालून ऐकत होते.

"त्यानं का नाय सांगितलं, ते तुमाला कळतंय का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

"तुमी पाव्हणे व्हता. त्याच्या दारात, त्याच्या माणसात आला व्हता. दारात आलेल्याची मान खाली घालायची नाय, हे मीच शिकवलंय त्याला." त्यांनी मान वर केली. "मला एकट्याला सांगून भागायचं नाय साहेब. ते चार माणसात झालं व्हतं. चार माणसातच सांगावं लागंल."

दिवाळी झाल्यावर कळप बाहेर पडायच्या आधी त्यांची सगळी माणसं गावात जमतात. त्यांनी मला तो दिवस सांगितला. दिवस जवळ आला तशी मी बरीच कारणं काढली, आणि गेलो. त्याच लिंबाखाली उभा राहिलो. बरेच चेहरे नवे होते. तात्या होते, त्यांना दिसत नव्हतं फारसं. मी पाचेक मिनिटं बोललो. मेमरी, कोड यांतलं काही सांगितलं नाही. तुमच्या माणसानं नीट तपासलं होतं, त्यानंतर मी ते बदललं, त्याला सांगितलं नाही आणि दोष त्याच्यावर गेला तेव्हा गप्प बसलो, एवढंच.

तात्या म्हणाले, "म्हंजी पोरगं तपासूनच आणत व्हतं."

"व्हय," त्याचे वडील म्हणाले.

"आन् आपुन त्याला इचारायचं सोडलं."

मला जेवून जा म्हणाले. मी जेवलो. त्यांनी आग्रह करून वाढलं, ते मला कुठल्याही शिक्षेपेक्षा जड गेलं.

मी निघालो, चपला घालत होतो, तेव्हा त्याची बायको दारापाशी आली. पदर डोक्यावरून घेतलेला. मी तिला त्याआधी एकदाच पाहिलं होतं, त्या लिंबाखालच्या दिवशी, चहाचे कप गोळा करताना. तेव्हा लग्न नवं होतं.

"साहेब, मलाबी त्यांनी तेच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "चूक माझी."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं थांबवलं नाही, पण तिला ऐकायचं नव्हतं, ते दिसत होतं.

"फोन येयाचा बंद झाला, नोकरी सोडली, करमाडला खोलीत ऱ्हायचं आलं. जरा कुठं काय उणं पडलं की मी म्हणायची, तुमीच केलं ना सारं, भोगा आता. लई टोचलं मी त्यांना, इतकी वर्सं. दवाखान्यात नेलं त्या दिशीबी मी तेच म्हणले." तिचा आवाज चढला नाही. "एक डाव म्हणायचं ना, मी नाय केलं म्हणून. कधीच नाय म्हणले ते."

अंगणात माणसं हात धूत होती. तिनं तिकडं बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमी आज सांगून मोकळे झाला," ती म्हणाली. "मी कोणत्या चार माणसात सांगू?"